पगारी वकिलाला लिहिलेला ईमेल कोर्टात निघू शकतो का?

चाकणचा_लीगलवाला (धागाकर्ता)

कायद्यावरचे इथले धागे बहुतेक सोसायटीचं मेंटेनन्स, हट्टी भाडेकरू नाहीतर वडिलोपार्जित जमिनीची वाटणी याभोवतीच फिरतात. हा जरा वेगळ्या जमातीबद्दल आहे: कंपनीत पगारावर असलेले वकील. काळा कोट कपाटात, सनद (वकिलीचा परवाना) स्थगित, आणि दिवसभर परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या बारीक अटींशी झटापट. मीही त्यातलाच. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे.

आमचं काम एका समजुतीवर चालायचं. साहेब मला जे मोकळेपणाने सांगतात आणि मी त्यांना जे लिहितो, ते समोरच्या पार्टीला किंवा पोलिसांना वाचायला मिळणार नाही. ही समजूत हवेतली नव्हती. मुंबई महानगरपालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात (निकाल १९८२ च्या एआयआरमध्ये, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहात, आहे) मुंबई हायकोर्टाने म्हटलं होतं की पगारी नोकर असला तरी मालकाला कायद्याचा सल्ला देणाऱ्याला बाहेरच्या वकिलासारखंच संरक्षण आहे. पुढे २००२ मध्ये लार्सन अँड टुब्रो विरुद्ध प्राईम डिस्प्लेजमध्ये त्याच हायकोर्टाने तेच धरलं, फक्त एक अट घालून: नोकरीत नसता तर तो माणूस वकिली करायला पात्र असला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या लीगल खात्यांची सगळी भिस्त या दोन निकालांवर होती.

३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ती काढून घेतली. गंमत म्हणजे ते प्रकरण आमचं नव्हतंच. अहमदाबादेत कर्जाच्या एका भांडणात आरोपीला जामीन मिळवून देणाऱ्या वकिलालाच पोलिसांनी समन्स धाडलं. गुजरात हायकोर्टाने जून २०२५ मध्ये ते रद्द करायला नकार दिला आणि वकील दिल्लीला गेला. त्याच महिन्यात एका विमा कंपनीच्या ईसॉपवर (कर्मचाऱ्यांना शेअर द्यायच्या योजनेवर) मत दिलं म्हणून ईडीने सुप्रीम कोर्टाच्या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढलं, ओरड झाल्यावर मागे घेतलं. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या खंडपीठाने कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांना भक्कम छत्री दिली, आणि जाता जाता सांगितलं की पगारी वकील या छत्रीखाली येत नाहीत.

आमच्याकडे त्याचा परिणाम लगेच दिसला. क्वालिटीचे हेड आधी मला ईमेल करायचे, "ग्राहकाने तीन लॉट परत केलेत, आपली जबाबदारी किती ते सांगा." आता फोन येतो, "खाली कॅन्टीनला येता का?" लेखी काही नको. सहा महिन्यांनी कोण काय म्हणालं यावरून भांडण होईल तेव्हा कागद नसणारच.

तुमच्याकडे काय चाललंय? कंपनीतले, कोर्टातले, दोन्हीकडचे लिहा.

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

धागा चांगला. पण थोडं सावकाश घेऊ, कारण व्हॉट्सॲपवर या निकालाचं "इन-हाऊसची (म्हणजे कंपनीतल्या पगारी वकिलांची) गोपनीयता संपली" असं एका ओळीचं लोणचं फिरतंय.

भारतीय साक्ष्य अधिनियमात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यात, दोन वेगळी कलमं आहेत. कलम १३२ वकिलावर बंधन घालतं: अशिलाने धंद्याच्या नात्याने सांगितलेलं तू बाहेर सांगायचं नाहीस. कलम १३४ अशिलाला ढाल देतं: आपल्या कायदेशीर सल्लागाराशी झालेलं गोपनीय बोलणं उघड करायची सक्ती तुझ्यावर करता येणार नाही. तुम्ही १३२ मधून पूर्ण बाहेर गेलात, कारण ते ॲडव्होकेटसाठी आहे आणि पगारी माणूस बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे नोकरीत असेपर्यंत वकिली करू शकत नाही. १३४ मात्र अर्धं शिल्लक आहे. तुम्ही कंपनीच्या वतीने बाहेरच्या वकिलाशी जे बोलता, लिहिता ते झाकलेलं आहे. साहेब आणि तुम्ही यांच्यातलं मात्र उघडं.

तुमचे मुंबईचे दोन निकाल जुन्या कलम १२६ आणि १२९ वर होते. जुन्या कायद्यात बॅरिस्टर, ॲटर्नी, प्लीडर, वकील अशी यादी होती, त्यामुळे ताणायला जागा होती. आता त्यांच्या भरवशावर जज्जसमोर उभं राहायची माझी तरी तयारी नाही.

साधा_करदाता

मला एक कळत नाही. तुम्ही पगार घेता ना? मग तुम्ही नोकर. क्वालिटीवाल्याचा ईमेल निघू शकतो, परचेसवाल्याचा निघू शकतो, मग तुमचाच का झाकायचा? तीन लॉट खराब निघाले हे दडवायचंय म्हणूनच ना?

चाकणचा_लीगलवाला

लॉट खराब निघाले ही वस्तुस्थिती कधीच झाकलेली नव्हती, साहेब. तपासणीचे रिपोर्ट, परतीची चलनं, गेट पास, सगळं आधीही मागवता येत होतं. आधीपासून अस्तित्वात असलेला कागद वकिलाच्या फायलीत घातला म्हणून गुप्त होत नाही, हे या निकालातही परत सांगितलंय. झाकलेलं असायचं ते एवढंच: "यात आपली बाजू लंगडी आहे, ग्राहकाला आजच कळवा, लपवलं तर महागात पडेल." असा सल्ला मी दहा वेळा दिलाय आणि त्यातला बराचसा ऐकला गेलाय. तेच वाक्य उद्या दाव्यात माझ्या कंपनीविरुद्ध निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून लागणार असेल तर मी लिहीन का? आणि लिहिलं नाही तर ऐकेल कोण?

निवृत्त_तपासी

आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात बरीच वर्षं काढली म्हणून दुसरी बाजू.

कंपनीत झडतीला गेलं की पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट हमखास. कपाटातल्या निम्म्या फायलींवर "लीगल - गोपनीय" असा शिक्का. आत काय? डीलरला दिलेल्या सवलतींचे तक्ते. ज्या ईमेलशी कायद्याचा सुतराम संबंध नाही त्यात लीगलच्या माणसाला सीसीत टाकलेलं. मग तुम्ही लोक कलमं दाखवायचे आणि आम्ही पंचनाम्यात "हरकतीसह जप्त" लिहायचं. तुमच्याच कंपन्यांनी त्या शिक्क्याची किंमत घालवली.

आणि गुन्ह्याच्या मदतीसाठी घेतलेल्या सल्ल्याला संरक्षण जुन्या कायद्यातही नव्हतं, कोट घातलेल्या वकिलालाही नव्हतं. तेव्हा रडगाणं आवरा.

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

तपासीसाहेब, सीसीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आता तुमच्या मागून आलेल्यांनाही काही पथ्यं लागली आहेत, तीही सांगू या. आरोपीच्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढण्यासाठी सरसकट समन्स काढता येणार नाही. कलम १३२ च्या अपवादात (गुन्ह्याच्या मदतीसाठी घेतलेला सल्ला वगैरे) बसत असेल तर कोणत्या वस्तुस्थितीवरून, ते समन्समध्येच लिहायचं, आणि पोलीस अधीक्षकाच्या खाली नसलेल्या वरिष्ठाची लेखी कारणांसह संमती घ्यायची. वकिलाचा लॅपटॉप किंवा फोन हवा असेल तर तो चौकीत उघडायचा नाही. कोर्टात हजर करायचा, कोर्टाने अशिलाला नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या, आणि फेटाळल्या तरी उघडताना अशील, वकील आणि त्यांना हवा असेल तर त्यांचा तांत्रिक माणूस समोर हवा. बाकीच्या अशिलांचं काही बाहेर पडता कामा नये.

आता हीच पथ्यं इन-हाऊसच्या लॅपटॉपला लागतात का? नाही. माझ्या मते खरी धोंड इथे आहे. कॉम्पिटिशन कमिशनच्या (स्पर्धा आयोगाच्या) धाडी आठवा. मार्च २०२५ मध्ये जाहिरात एजन्सींच्या कचेऱ्यांवर पडल्या तशी धाड पडली तर लीगल हेडचा लॅपटॉप आणि सेल्स हेडचा लॅपटॉप यांत फरक करायचं कारण तपास यंत्रणेकडे उरलेलं नाही.

राईनकाठची

मी फ्रँकफुर्टला एका कंपनीच्या लीगलमध्ये आहे. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, कारण युरोपियन युनियनच्या स्पर्धा कायद्यात आम्ही हे चार दशकं भोगतोय. १९८२ च्या एएम अँड एस निकालापासून वकील स्वतंत्र हवा, नोकरीने बांधलेला नको, ही अट आहे. २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने ती पुन्हा ठोकून पक्की केली. बार असोसिएशनचा सदस्य असलात तरी पगार घेता ना, मग नाही.

जर्मनीने मधला मार्ग काढला. २०१६ पासून कंपनीतल्या वकिलाला वेगळी मान्यता घेता येते, तो बारमध्ये राहतो, पेन्शन तिथलं मिळतं. पण फौजदारी खटल्यात साक्ष नाकारायचा हक्क त्यालाही दिलेला नाही. म्हणजे पाटी मिळाली, ढाल नाही. इंग्लंडमध्ये मात्र इन-हाऊसला पूर्ण संरक्षण आहे. त्यामुळे आमच्याकडे लंडन ऑफिसमधून निघालेला आणि फ्रँकफुर्टहून निघालेला सल्ला यांचं भवितव्य वेगवेगळं. चाकणच्या कंपनीचा मालक जर्मन असेल तर चाकणकर, तुमच्या मेलबॉक्सचं काय होईल याचा विचार तिथेही चालू असणार.

चाकणचा_लीगलवाला

ताई, बरोबर ओळखलंत! मुख्य कचेरी तिकडेच आहे. निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिथून विचारणा आली, "भारतातला सल्ला यापुढे कुठून घ्यायचा?" उत्तर ठरलेलं: बाहेरच्या फर्मकडून. म्हणजे जे काम मी दुपारी दोन तासांत उरकायचो त्याला आता एंगेजमेंट लेटर, तासाचा दर आणि चार जणांचा कॉल. फोर्टातल्यांची चांदी.

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

आमची कसली चांदी, ती नरिमन पॉइंट आणि लोअर परळच्या मोठ्या फर्म्सची. आमच्या चेंबरमध्ये अजून पंखा कुरकुरतोय.

पण एक सांगतो. बाहेरच्या वकिलाला नुसतं सीसीत टाकून काम भागणार नाही, नाहीतर तपासीसाहेबांच्या शिक्क्याचीच पुढची आवृत्ती होईल. अंतर्गत चौकशी करायची असेल तर पहिल्या दिवशी बाहेरचा वकील नेमा, त्याच्या पत्रात काम काय ते लिहा, आणि कर्मचाऱ्यांचे जबाब त्याच्या सांगण्यावरून, त्याच्यासाठी घेतले जातायत हे कागदावर दिसू द्या. जबाब घेऊन झाल्यावर मग फर्मकडे पाठवले तर ते आधीपासून असलेले कागद झाले.

ऊसपट्टा

रामराम मंडळी. तुमचं जर्मनी-लंडन चालू द्या, मी कोल्हापूरकडनं एक सांगतो. कॉर्पोरेट वकील म्हटलं की लोकांना काचेच्या बिल्डिंगी दिसतात. आमच्यात सगळ्यात मोठा कॉर्पोरेट म्हंजे साखर कारखाना, आणि त्याच्या लॉ ऑफिसरचं दुखणं तुमच्यापेक्षा वेगळं हाय बघा.

१७ मार्च २०२५ ला मुंबई हायकोर्टाने एफआरपीचा (उसाला द्यायच्या किमान दराचा) निकाल दिला. राज्य सरकारनं २१ फेब्रुवारी २०२२ ला जीआर काढून कारखान्यांना एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. पहिला हप्ता आधी, उरलेला हंगाम संपून साखरेचा उतारा निघाल्यावर. राजू शेट्टींनी याचिका केली, न्या. कुलकर्णी आणि न्या. सेठना यांनी जीआर रद्द केला. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाच्या विरुद्ध जाऊन राज्याला असं ठरवता येत नाही, चौदा दिवसांत एकरकमी द्यायची.

आता मुद्दा बघा. त्या जीआरच्या जोरावर कारखान्यांच्या वकिलांनी ऊस नोंदणीचे करारनामे बदलून घेतले होते. नियंत्रण आदेशातच चौदा दिवसांच्या नियमाला "लेखी करार वेगळा नसेल तर" अशी फट हाय. त्यामुळं नोंदीच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात हप्त्याची संमती, त्यावर शेतकऱ्याची सही. शेतकरी काय वाचतोय? चिटबॉय (कारखान्याचा शेतावरचा माणूस) पुढं करतो, हा सही करतो. जीआर गेला, आता ती सही कितपत टिकती हा प्रश्न. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज हाय, आणि साखर आयुक्तांची आरआरसी (वसुलीचा दाखला) निघाली की तहसीलदार थेट साखरेच्या गोदामावर.

एका कारखान्याच्या लॉ ऑफिसरनं, नाव सांगत नाही, चेअरमनना टिपण लिहिलं होतं: ही संमती दबावाची ठरू शकते, व्याजाची तरतूद करून ठेवा. चांगला सल्ला. चेअरमननं फाईल बाजूला सारली. मग निवडणूक झाली, पॅनेल बदललं. नव्या संचालकांनी फाईल उघडली आणि ते टिपण सभेत वाचून दाखवलं! आता सांगा, हे टिपण पहिल्यापासनं कुणाच्या मालकीचं?

ताळेबंद_आणि_इतर

ऊसपट्टा, हे भारी! पण यात सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा काय संबंध? अवांतर होतंय का?

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

अवांतर मुळीच नाही, हाच तर गाभा. गोपनीयतेचा हक्क वकिलाचा नसतो, चेअरमनचाही नसतो, तो अशिलाचा म्हणजे संस्थेचा असतो. संचालक मंडळ बदललं की तो हक्क नव्या मंडळाच्या हातात जातो. त्यामुळे बाहेरच्या वकिलाचं मत असतं तरी नवे संचालक ते वाचू शकले असते आणि सभेत वाचायचं ठरवूही शकले असते. फरक पुढे पडतो. सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली, त्यातून ८८ खाली जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, तर बाहेरच्या वकिलाच्या मतावर संस्था निदान हरकत घेऊ शकते. लॉ ऑफिसरच्या टिपणावर आता हरकतीला आधार नाही. जुन्या चेअरमनने "मला कोणी सांगितलंच नव्हतं" म्हटलं की ते टिपण समोर.

ऊसपट्टा

म्हंजे लॉ ऑफिसरनं लिहिलं ते शेतकऱ्याच्या बाजूनं उपयोगी पडलं की! मग निकाल वाईट कसा?

साधा_करदाता

हेच मी वर म्हणत होतो.

चाकणचा_लीगलवाला

एकदा उपयोगी पडलं. पुढच्या हंगामात तो लॉ ऑफिसर लिहील का?

ऊसपट्टा

ते खरं हाय. आता तो कोल्हापूरला वकील गाठतो आणि मत तिथनं मागवतो. पूर्वी मुंबईला जायला लागायचं, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस नाहीतर ट्रॅव्हल्स. १८ ऑगस्ट २०२५ पासनं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यावर सहा जिल्ह्यांचं काम इथंच. मुंबईतल्या फर्मनी पण आमच्या पोरांना फोन करायला सुरुवात केलीय. कसबा बावड्यापासनं भाऊसिंगजी रोडपर्यंत चेंबरला जागा मिळंना झालीय. ही चांदी मात्र आमची.

करार_कात्री (एचआरमधली, लीगलची शेजारीण)

लीगलच्या ईमेलवर इतकं रणकंदन चाललंय, पण गेल्या वर्षी माझी झोप उडवली ती दुसऱ्याच निकालांनी. मे आणि जून २०२५.

विजया बँकेच्या प्रकरणात अट होती: तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरा. कर्नाटक हायकोर्टाने कर्मचाऱ्याची बाजू घेतली होती, सुप्रीम कोर्टाने १४ मे ला ती उलटवली आणि बाँड वैध ठरवला. आमच्या संचालकांना आनंद झाला, म्हणाले, आता प्रत्येकाकडून बाँड घ्या, सोबत दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही हेही टाका. महिना-दीड महिन्यात दिल्ली हायकोर्टाने एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अशाच कलमावर सांगितलं की नोकरी सोडल्यानंतर कुठे काम करायचं नाही हे कंपनी ठरवू शकत नाही, करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं. संचालक माझ्याकडे बघतायत, मी लीगलकडे बघतेय.

आणि नियम काही नवा नाही हो. १९६७ चा गोलिकरीचा निकाल कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधलाच. टायर कॉर्डच्या धाग्याचं तंत्र शिकलेला माणूस पाच वर्षांच्या करारात मध्येच सोडून स्पर्धकाकडे गेला, कोर्टाने त्याला कराराच्या मुदतीपुरतं रोखलं. म्हणजे नोकरीची मुदत चालू असेपर्यंत बंधन चालतं, संपल्यावर नाही. साठ वर्षं होत आली तरी दर ऑफर लेटरमध्ये ते दोन वर्षांचं कलम छापून येतंच. मी आमच्या लीगलला विचारलं, टिकत नाही तर ठेवता कशाला? उत्तर: "घाबरायला बरं पडतं."

आता धाग्याच्या विषयाशी जोडते: हे उत्तर त्याने मला ईमेलवर दिलं होतं.

निवृत्त_तपासी

हा हा! जपून ठेवा तो ईमेल.

चाकणचा_लीगलवाला

करार_कात्री ताई, माझ्या बांधवाच्या वतीने विनंती, तेवढा डिलीट करा. नको, डिलीटही करू नका, दावा लागण्याची शक्यता दिसत असताना पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच ताप होईल.

थट्टा सोडून सांगायचं तर बाँडचा खर्च कागदावर दाखवता आला पाहिजे. प्रशिक्षण, भरतीची प्रक्रिया, जे काय असेल ते. बँकेच्या प्रकरणात सार्वजनिक बँकेला पुन्हा जाहिरात देऊन भरती करावी लागते हा मुद्दा कोर्टाने लक्षात घेतला. खासगी कंपनीने तीच रक्कम डोळे झाकून उचलून टाकली तर तिथे वेगळं काही निघू शकतं. दोन वर्षांच्या कलमाऐवजी गोपनीय माहितीचं कलम नीट लिहा. कुठली ड्रॉइंग्ज, कुठल्या किमती, कुठला ग्राहक, नावानिशी. "सर्व प्रकारची माहिती" लिहिलं की काहीच लिहिलं नाही.

वर्षा_अखेरची_सेमिस्टर

मी पुण्यात पाच वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून एका कंपनीच्या लीगलमध्ये ऑफर आहे, पगार बरा आहे. घरी बाबा म्हणतात घे. पण हे सगळं वाचून प्रश्न पडला. पुढे न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं झालं तर?

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

मग आधी हे बघ. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजतात, न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. कंपनीतली पगारी नोकरी वकिली नव्हे, कारण सनदच स्थगित. पाच वर्षं तिथे काढलीस आणि मग वाटलं न्यायाधीश व्हावं, तर मोजणी शून्यापासून. ही गोष्ट कॅम्पसला येणारी कंपनी सांगत नाही.

माझं मत विचारशील तर तीन वर्षं कोर्टात काढ. विद्यावेतन हातखर्चापुरतंही नसतं, सीनियर ओरडतो, बोर्डावर नंबर येत नाही, सगळं खरं. नंतर कंपनीत गेलीस तर समोरच्या वकिलाची कुठली धमकी पोकळ आहे ते ओळखता येईल.

राईनकाठची

मी उलट सांगेन. घरची परिस्थिती काय आहे ते आम्हाला माहीत नाही. बाबा "घे" म्हणतायत त्यामागे काही असेल. तीन वर्षं तुटपुंज्या पैशांवर मुंबईत राहणं प्रत्येकीला जमत नाही, आणि फोर्टात चेंबर कोणाच्या ओळखीने मिळतं हेही आपण जाणतो. न्यायाधीश व्हायचंय का ते आधी ठरव, मग ऑफर बघ.

वर्षा_अखेरची_सेमिस्टर

दोघांचेही आभार. न्यायाधीश खरंच व्हायचंय की नाही माहीत नाही अजून.
अजून एक. आमच्या वर्गात बरेच जण एआयकडून नोटिसा आणि मतं लिहून घेतात. कंपनीत हे चालतं का?

चाकणचा_लीगलवाला

मसुद्याचा सांगाडा म्हणून सगळेच वापरतात, कबूल कोणी करत नाही. पण निकालांचे दाखले स्वतः उघडून वाचल्याशिवाय पुढे पाठवायचे नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टासमोर केएमजी वायर्स कंपनीचं आयकराचं प्रकरण आलं. करनिर्धारण अधिकाऱ्याने आदेशात असे निकाल उद्धृत केले होते जे अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. तिथे चूक सरकारी बाजूची होती आणि फायदा कंपनीला झाला. कंपनीच्या वकिलाने ते दाखले शोधून बघितले म्हणून ना! त्याने पण "असेल बुवा" म्हणून मान डोलावली असती तर?

आणि तुझ्या प्रश्नात आणखी एक पाचर आहे. कंपनीची गोपनीय हकिगत फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकलीस तर ती कोणाच्या सर्व्हरवर गेली? पगारी वकिलाला आधीच छत्री नाही, त्यात तू कागद बाहेर पावसात ठेवून आलीस.

ताळेबंद_आणि_इतर

मी कंपनी सेक्रेटरी. माझा साधा प्रश्न कोणी सोडवा. बोर्ड मीटिंगमध्ये लीगल हेड उठून मत मांडतात, आणि अध्यक्ष म्हणतात मिनिट्समध्ये घ्या. घ्यायचं का?

फोर्टातला_बॅरिस्टर_नसलेला

मत घेऊ नका, घटना घ्या. "अमुक विषयावर कंपनीच्या वकिलांचं लेखी मत मंडळासमोर ठेवण्यात आलं, चर्चेअंती पुढील निर्णय झाला." मत बाहेरच्या वकिलाचं असावं, बंद लिफाफ्यात किंवा वेगळ्या लिंकवर, अजेंड्याच्या पुस्तकात छापलेलं नसावं. संचालकांनी काळजी घेऊन निर्णय घेतला हे दिसलं पाहिजे, म्हणून "सल्ला घेतला" ही नोंद हवीच. सल्ल्यात काय होतं, दाव्यात जिंकायची शक्यता किती, हे मिनिट्समध्ये आलं की ते ऑडिटर वाचणार.

ताळेबंद_आणि_इतर

ऑडिटर तर मूळ मतच मागतात. संभाव्य देण्यांची तरतूद करायची की नुसती टीप द्यायची, हे त्याशिवाय ठरत नाही म्हणतात.

चाकणचा_लीगलवाला

आमच्याकडेही मार्चअखेरीस हीच ओढाताण असते. गेल्या वेळी आम्ही बाहेरच्या फर्मकडून दोन कागद घेतले. एक सविस्तर मत, फक्त एमडी आणि माझ्यासाठी. दुसरं पानभराचं पत्र ऑडिटरांच्या नावे: दाव्याची रक्कम, टप्पा, पुढची तारीख, आणि देणं लागण्याची शक्यता कमी की जास्त एवढंच. ऑडिटरांनी आधी नाक मुरडलं, मग घेतलं. फर्मने दुसऱ्या पत्राचे वेगळे पैसे लावले ते सोडा.

ताळेबंद_आणि_इतर

त्या पत्राचा नमुना नावं खोडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमचं ऑडिट सोमवारपासून आहे.

चाकणचा_लीगलवाला

करतो. पण तुमच्या फर्मकडून तपासून घ्या, माझ्याकडून आलेलं काही झाकलेलं नसतं हे आता ठाऊक आहेच.